उसना खेळाडू, आणि तिसऱ्या संघाची तक्रार

प्रश्न : भिवंडीत आम्ही हौशी फुटबॉल लीग खेळतो. आमच्या संघातले बरेचसे यंत्रमागावर नाहीतर गोदामात कामाला आहेत. लग्नसराईत निम्मे गावी गेले आणि एका सामन्याला आठच जण उभे राहिले. आधीचा सामना संपवून निघालेल्या संघातले तिघे आम्ही उसने घेतले. समोरच्या कप्तानाला विचारलं, तो ‘खेळवा’ म्हणाला. रेफ्रीनेही अडवलं नाही. आम्ही २-१ जिंकलो. दोन दिवसांनी मैदानात नसलेल्या तिसऱ्याच संघाने तक्रार केली आणि आमचे गुण गेले. मोठे क्लब खेळाडू ‘लोन’वर घेतात, मग आमचं काय चुकलं?
– एक वाचक, नारपोली, भिवंडी

उत्तर : तिसऱ्या संघाने मध्येच नाक खुपसलं असं तुम्हाला वाटतंय. पण तक्रारीचा सगळ्यात मोठा हक्क त्याचाच होता. त्याकडे येतोच, आधी रेफ्रीचं बघू.

फुटबॉलच्या नियमपुस्तकातला तिसरा नियम खेळाडूंच्या संख्येचा. एखाद्या संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू करता येत नाही. म्हणजे आठ जणांत तुमचा सामना रीतसर होऊ शकला असता. दमछाक झाली असती, हरलाही असता, पण वॉकओव्हर नक्कीच द्यावा लागला नसता. बदली खेळाडूंची नावं सामन्याआधी रेफ्रीकडे द्यावीत, हेही त्याच नियमात आहे. पण अमुक खेळाडू तुमचा की शेजारच्यांचा, याबद्दल नियमपुस्तक गप्प आहे. ते ठरवते स्पर्धेची नियमावली आणि ती राबवतात आयोजक. त्यामुळे रेफ्रीने खेळू दिलं हा बचाव टिकत नाही. तो फार तर अहवालात नोंद करील.

आता लोन. शब्द तोच असला तरी तुमचं उसनं आणि क्लबांचं लोन यांचा फारसा संबंध नाही. लोनवर गेलेल्या खेळाडूची नोंदणीच ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या क्लबकडे जाते. लेखी करार होतो आणि त्या मुदतीत तो जुन्या क्लबकडून खेळू शकत नाही. सकाळी इकडे, दुपारी तिकडे, असला प्रकार तिथे नसतो. त्यातही मोठे क्लब डझनावारी खेळाडू पोसून लोनवर फिरवायला लागले, तेव्हा ‘फिफा’ने १ जुलै २०२२ पासून देशोदेशींच्या लोनला लगाम घातला. लोन जास्तीत जास्त एक वर्षाचं, लोनवर आलेला खेळाडू पुढे तिसऱ्याला द्यायचा नाही, आणि २०२४ पासून एका क्लबचे एका वेळी सहाच खेळाडू बाहेर, सहाच आत. एकवीस वर्षांपर्यंतची, क्लबनेच घडवलेली मुलं या मोजणीत धरत नाहीत. प्रीमियर लीगमध्ये तर लोनवरचा खेळाडू मूळ क्लबविरुद्ध उतरूच शकत नाही. लांब कशाला, कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ या तालीम-मंडळांचे खेळाडू हंगामाआधी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे (केएसए) नोंदवले जातात. कोण कुठल्या तालमीकडून खेळणार यावरून पेठांमध्ये जी चर्चा रंगते, ती पाहता ऐन सामन्याला कुणी उसना खेळाडू मागितला तर काय होईल, याचा विचारच न केलेला बरा!

राहिला तिसरा संघ. समोरच्या कप्तानाने होकार दिला तो त्याच्या सामन्यापुरता. पण लीगमध्ये गुणतक्ता सगळ्यांचा असतो. तुमच्या बरोबरीने गुण असलेला संघ त्या दिवशी घरी होता आणि त्याला कुणी विचारलं नाही. उसने देणाऱ्यांचाही हिशेब असू शकतो. तुम्ही जिंकलात की त्यांचा प्रतिस्पर्धी खाली जातो, मग तिघेच काय, पाच जण मिळतील. तसं झालं असं मी म्हणत नाही. पण नियम करायचा तो याच शक्यतेसाठी.

अपात्र खेळाडूमुळे तक्ता कसा हलतो, हे २०१८च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत दिसलं. पात्रतेचे निकष पूर्ण न करणारा नेल्सन काब्रेरा बोलिव्हियाकडून दोन सामन्यांत बदली म्हणून उतरला होता. चिलीने तक्रार केली. ‘फिफा’ने दोन्ही सामने बोलिव्हियाविरुद्ध ३-० असे फिरवले. चिलीची बरोबरी विजय ठरली, तिला दोन गुण जास्त मिळाले. पण पेरूचा पराभवही विजय ठरला आणि त्यांना तीन मिळाले. शेवटी दोघांचे गुण २६-२६ झाले, गोलफरकावर पेरू पाचवा आला आणि प्लेऑफमधून रशियाला गेला. तक्रार करणारी चिली घरी बसली.

उसना खेळाडू शोभून दिसल्याचंही उदाहरण आहे. २५ सप्टेंबर १९४३, वेम्बली. युद्धाचे दिवस, इंग्लंड-वेल्स सामना. वेल्सचा आयव्हर पॉवेल जखमी झाला आणि त्यांच्याकडे बदली खेळाडूच नव्हता. तेव्हा इंग्लंडचा राखीव स्टॅन मॉर्टेन्सन वेल्सकडून मैदानात उतरला! इंग्लंडने ८-३ असा विजय मिळवला आणि कुणी कुरकुर केली नाही. युद्धकाळातल्या त्या सामन्यांची अधिकृत नोंद धरली जात नव्हती, गुणतक्ता नव्हता, तिसरा कुणी नव्हता. तुमचा सामना मैत्रीचा असता तर मीही म्हटलं असतं, खुशाल घ्या.

पण तुमच्या लीगला सरसकट बंदी परवडणार नाही. बारा-बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्यांकडून दर आठवड्याला अकरा जणांची हमी मागता येत नाही, आणि सातही जमले नाहीत तर सामने वॉकओव्हरवर निघतील. आपल्याकडच्या गावोगावच्या टेनिस क्रिकेटमध्ये ‘एक गाव एक संघ’ म्हणत आधार कार्ड तपासतात. तिथे गावाची इभ्रत पणाला असते, म्हणून ते ठीक. तुमच्याकडे थोडी ढील हवी, फक्त ती लेखी असावी. उसने जास्तीत जास्त दोन, आणि तेही संख्या नऊपर्यंत नेण्यापुरते. म्हणजे आठ असाल तर एकच. आपला माणूस उशिरा पोचला तर उसना बाहेर. तक्त्यात आपल्या खालच्या संघातलाच घ्यायचा. नावं शिट्टीआधी आयोजकांकडे. उपांत्य फेरीपासून काही नाही. गोलकीपर मात्र मी या मोजणीतून वगळेन, कारण गोलीच नसेल तर त्या सामन्यात कुणालाच मजा येत नाही.

तुमच्या गुणांचं म्हणाल, तर एकच पाहा. हंगाम सुरू होताना दिलेल्या नियमावलीत नोंदणी नसलेला खेळाडू खेळवल्यास गुण जातील असं छापलेलं होतं का? असेल तर गुण विसरा. नसेल तर सामना पुन्हा घ्यावा, असा लेखी अर्ज आयोजकांना द्या. अर्जावर समोरच्या कप्तानाची सही घ्या आणि एक प्रत त्या तिसऱ्या संघालाही द्या.