तुलना कोणाशी?

आरोग्य-प्रशासनातील संशोधनाचा लेख वाचताना वाचकाची दृष्टी साहजिकच अखेरच्या आकड्याकडे जाते. तो आकडा कोणत्या तुलनेतून निघाला हे पाहणे मात्र अधिक अगत्याचे असते. जननी सुरक्षा योजनेचे मूल्यमापन या दृष्टीने वाचण्याजोगे आहे.

ही योजना २००५ साली सुरू झाली. दवाखान्यात बाळंत होण्याचे प्रमाण ज्या राज्यांत कमी होते, तेथील ग्रामीण स्त्रीला तसे केल्यास १४०० रुपये देण्याची तीत तरतूद होती. स्टीफन लिम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२-०४ व २००७-०९ या काळांतील जिल्हास्तरीय कुटुंब-पाहण्यांच्या आधारे योजनेचे परीक्षण करून ते २०१० साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. दवाखान्यातील बाळंतपणे वाढली, हे त्यात स्पष्ट दिसले. परंतु मुले वाचली काय? याचे उत्तर त्यांनी तीन रीतींनी शोधले.

पहिल्या रीतीत पैसे मिळालेल्या स्त्रियांची सांगड इतर बाबतींत त्यांच्यासारख्याच, पण पैसे न मिळालेल्या स्त्रियांशी घातली. दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात बालकांचे मृत्यू २.३ ने कमी आढळले. दुसऱ्या रीतीत अशी सांगड न घालता दोन्ही गटांची तुलना केली, घट २.४ आली. उत्तरे इतकी जवळ आली की वाचकाचा सहज विश्वास बसावा. पण दोन्ही साक्षीदार एकाच खिडकीतून पाहत होते.

समजा, एका स्त्रीला दिवस भरण्यापूर्वीच मध्यरात्री कळा सुरू झाल्या, वाहन मिळेपर्यंत ती घरीच बाळंत झाली आणि मूल दगावले. मृत्यूचे कारण अकाली जन्म. हिशेबात मात्र तो पैसे न मिळालेल्यांच्या बाजूस पडतो. उलट, बाळंतपण अडल्यावरच जिला दवाखान्यात हलविले, तिचे मूल गेले तर तो मृत्यू योजनेच्या खाती जमा होतो. या दोन चुकांपैकी कोणती वरचढ ठरली, हे पाहणीच्या रकान्यांवरून उमगत नाही.

तिसऱ्या रीतीत स्त्रीऐवजी जिल्हा हा घटक धरला. योजना जेथे अधिक पसरली, तेथे मृत्यू इतरत्रांपेक्षा अधिक घटले काय? येथे निश्चित परिणाम आढळला नाही. अर्थात परिणाम सिद्ध न होणे म्हणजे परिणाम नसणे नव्हे. २००७-०८ मध्ये पैसे मिळालेल्या बाळंतिणींचे प्रमाण राज्यागणिक ५ टक्क्यांहून कमी ते ४४ टक्के इतके भिन्न होते. जेथे ते अल्प होते, तेथे जिल्ह्याच्या सरासरीत लाभ बुडून जाणे शक्य आहे.

लेखकांनी तिन्ही रीती मांडल्या, हा त्यांचा प्रामाणिकपणा. तरी लेखाच्या सारांशात मृत्यूंचे आकडे पहिल्या दोन रीतींचेच आहेत, आणि कार्यमग्न अधिकारी बहुधा सारांशच वाचतो! पुढे २०१५ साली टिमोथी पॉवेल-जॅक्सन, सुमित मजुमदार व ॲन मिल्स यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत योजना पसरण्यातील फरकाचा आधार घेतला. दवाखान्यातील बाळंतपणे वाढल्याचे त्यांनाही दिसले; नवजात मृत्यू घटल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही.

२०१० च्या लेखातील आणखी एक गोष्ट आकड्यांच्या वादात मागे पडते. सर्वांत गरीब व सर्वांत कमी शिकलेल्या स्त्रियांनाच पैसे मिळण्याची शक्यता सर्वाधिक होती, असे नेहमी आढळले नाही.