तापीमाईचे सोवळे



श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत 'शौच' हे एक आहे. ज्ञानेश्वर माउलींनी त्याचे निरूपण करताना आतली आणि बाहेरची अशा दोन्ही शुद्धींचा विचार केला. आम्ही कीर्तनकार आतल्या शुद्धीवर दोन दोन तास बोलतो. बाहेरची मात्र गृहीत धरून चालतो.

मागे एका गावी सप्ताहात काल्याचे कीर्तन केले. नदी ही माय, असे मोठ्या प्रेमाने सांगितले. महाप्रसाद झाला. सायंकाळी नाल्याकडे गेलो तो काय पाहतो! प्लास्टिकचे पेले, थर्माकोलच्या पत्रावळी यांचा ढीग. मी जेवलो ती पत्रावळही त्यातलीच. गावाला काय बोल लावावा? मी तरी कुठे सांगितले होते?

धुळ्याची पांझरा, अमळनेरची बोरी, जळगावजवळची गिरणा, सगळ्या अखेर तापीला मिळतात. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे. जवळच कोथळी-मेहूणला मुक्ताईचे स्थान. सखाराम महाराजांची यात्रा तर बोरीच्या पात्रातच भरते. मग नाल्यात टाकलेला पेला कोणाच्या पायाशी जातो, ते आपणच पाहावे.

आता उपाय ऐका. पहिला पंगतीचा. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ पासून आणि साऱ्या देशात १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांना बंदी आहे. कागदी पेल्यालाही आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो. आपला जळगाव जिल्हा केळीचा. सातपुड्यात पळस आहे. केळीचे पान, पळसाची पत्रावळ गाईने खाल्ली तरी बरे, कुजली तरी खत. वारकऱ्याने आपले ताट आणि तांब्या पडशीत ठेवावा. जमलेले प्लास्टिक जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो. वेगळे बांधून भंगारवाल्याकडे वा नगरपालिकेच्या गाडीत द्यावे.

कोणी म्हणेल, "महाराज, खान्देशात उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, ताटे कशाने धुवावी?" शंका रास्त आहे. उष्टे आधी पुसून गुरांना द्यावे, ताट राखेने घासावे, मग तीन टोपल्यांत ओळीने बुडवून काढावे. धारेखाली धुण्यापेक्षा पाणी पुष्कळ कमी लागते, आणि तेच पाणी केळीच्या आळ्यात जाते.

दुसरा उपाय सांडपाण्याचा. न्हाणीचे व भांड्यांचे पाणी गटारीत सोडू नये. तीन फूट लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा घ्यावा. तळाशी मोठे दगड, वर लहान, त्यावर जाड वाळू. तोंडाशी भोके पाडलेले मडके ठेवून त्यात काथ्या घालावा. खरकटे व ओशटपणा तिथेच अडतो. काथ्या वरचेवर बदलावा, नाहीतर खड्डा तुंबतो. विहीर वा बोअर निदान पन्नास फूट दूर हवी. आपल्या खोल काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. तिथे खड्ड्याऐवजी चारी काढून केळ, अळू, कर्दळ लावावी. संडासाचे पाणी यात कदापि सोडू नये, त्याची सोय निराळी.

कोणी विचारील, "हे का परमार्थाचे काम?" संत गाडगेबाबा १९५६ साली वैकुंठवासी झाले. ते आधी हातात खराटा घेऊन गाव झाडीत, मग कीर्तनाला उभे राहत. ज्याला वाटते की झाडणे हा प्रपंच, त्याने बाबांकडे पाहावे.

मी आता नारळ स्वीकारण्यापूर्वी दोनच गोष्टी विचारतो: पंगत कशावर, आणि पाणी कुठे जाणार? आपणही आपल्या गावी विचाराव्या. संगमावर स्नानाला उतरताना मग मान खाली घालावी लागणार नाही.

रामकृष्णहरि!