घटक ४ : कलाप्रदर्शनाचे परीक्षण – वारली चित्रांतील शेती आणि विज्ञान

४.१ उद्दिष्टे
हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• वारली चित्रांचा भिंतीपासून कलादालनापर्यंतचा प्रवास सांगता येईल.
• चित्रांतील शेतीविषयक ज्ञान ओळखता येईल.
• परीक्षण लिहिताना नेमक्या शब्दांची निवड करता येईल.

४.२ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, कलाप्रदर्शनाचे परीक्षण हा व्यावहारिक लेखनाचा एक महत्त्वाचा प्रकार आहे. आदिवासी कलेविषयी लिहिताना ‘साधी’, ‘भोळी’, ‘आदिम’ ही विशेषणे लेखणीतून सहज उतरतात. ती खरोखर चित्राचे वर्णन करतात, की आपल्या अज्ञानावर पांघरूण घालतात? या प्रश्नाचा विचार आपण येथे करणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

(अ) भिंतीवरून कलादालनात
वारली चित्रकला हा मूलतः विवाहविधीचा भाग. शेण व गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने ‘चौक’ काढीत. त्याच्या मध्यभागी सृजनाची देवता पालघट असे. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे ही चित्रे कागदावर आली आणि डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांची कला मुंबईच्या कलारसिकांपुढे आली. १९८९ मध्ये पॅरिस येथील ‘माजिसियँ द ला तेर’ या प्रदर्शनात त्यांचा सहभाग होता. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या स्थित्यंतरात चित्रकाराला नाव व उपजीविका लाभली. मात्र विधीचा संदर्भ मागे पडला आणि पिढ्यान् पिढ्या चौक काढणाऱ्या स्त्रिया बहुतांशी अनामिकच राहिल्या. परीक्षणात या दोन्ही बाजूंची नोंद हवी.

(आ) चित्रातील शेती
भातशेतीचे एखादे वारली चित्र समोर आहे, अशी कल्पना करा. त्यात राब भाजणे, नांगरणी, आवणी, कापणी, झोडणी आणि कणगीत साठवलेले धान्य दिसू शकते. ही केवळ सजावट नव्हे, तर कामांचा क्रम आहे. राबाचेच उदाहरण घ्या. पावसापूर्वी वाफ्यावर फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून ते जाळतात. त्यामुळे तणाचे बी जळते, राखेतून रोपांना पालाश मिळते आणि रोपे आवणीसाठी सहज उपटता येतात. शेतकऱ्याने अनुभवाने जाणलेल्या या गोष्टीची कारणे कृषिविज्ञान सांगते. निरीक्षण हा दोहोंचा समान पाया होय.

(इ) परीक्षकाचे भान
तथापि, चित्रकाराने विज्ञानाचा पाठ रंगवला आहे, असे म्हणणेही अतिशयोक्तीचे ठरेल. त्याने स्वतः केलेले व पाहिलेले काम रंगवले आहे. शिवाय राबासाठी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात, हेही विसरता येत नाही. परंपरेला हिणवणे आणि तिचे निव्वळ गुणगान करणे, हे दोन्ही दोष परीक्षकाने टाळावेत.

अभ्यासासाठी रचलेली पुढील दोन विधाने पाहा :
१. ‘आदिवासी कलावंतांनी निसर्गाची साधीभोळी चित्रे निरागसतेने रंगवली आहेत.’
२. ‘चित्राच्या तळाशी राब जळतो आहे, वर वाकलेल्या आकृतींची रांग आवणी करते आहे. महिन्यांच्या अंतराने होणारी कामे चित्रकाराने एकाच चौकटीत मांडली आहेत.’

पहिले विधान प्रदर्शन न पाहताही लिहिता येते. दुसरे लिहिण्यासाठी चित्रासमोर थांबावे लागते.

४.४ सारांश
वारली चित्रांत शेतीच्या अनुभवातून आलेले ज्ञान आहे. ते वाचण्यासाठी त्या कामांची नावे परीक्षकाला ठाऊक असावी लागतात. नेमके नाम सापडले, की ढोबळ विशेषणाची गरज उरत नाही. तुमच्यापैकी जे स्वतः शेती करतात, त्यांच्यापाशी हा शब्दसंग्रह आधीच आहे. लेखनात तो संकोच न करता वापरावा.

४.५ आपली प्रगती तपासा
१. वारली चित्रे कलादालनात आल्यामुळे काय साधले व काय हरवले?
२. राब भाजण्यामागील शास्त्रीय कारणे लिहा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या कलावंताचे चित्र किंवा भित्तिचित्र पाहून, एकही ढोबळ विशेषण न वापरता, दहा ओळींत त्याचे परीक्षण लिहा.