भटारखान्यातील शिक्षण आणि विद्यावेतनाचा प्रश्न

बोरिवलीच्या पश्चिमेस गोराईची खाडी आहे. खाडीच्या अलीकडे उंच इमारती व गजबजलेले रस्ते, तर पलीकडे नारळीच्या झाडांत वसलेले गोराई गाव असे दोन भिन्न जगांचे दर्शन येथे घडते. होडीने अवघ्या काही मिनिटांत खाडी ओलांडता येते. कोळी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचे हे गाव मासेमारी व शेतीवर पिढ्यान् पिढ्या जगत आले. पुढे समुद्रकिनाऱ्यामुळे पर्यटकांची ये-जा वाढली. १९८९ मध्ये येथे एस्सेल वर्ल्ड हे मनोरंजन उद्यान सुरू झाले, तर २००९ मध्ये विपश्यना पगोड्याचे उद्घाटन झाले. त्यांपैकी एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये बंद पडले. परंतु किनाऱ्यावरील लहानमोठी विश्रामगृहे व भोजनगृहे यांच्यामुळे पाहुण्यांची सरबराई हा गावाच्या परिचयाचा व्यवसाय झाला आहे.

येथील स्वयंपाकघरेही संपन्न आहेत. ऐन उन्हाळ्यात मिरच्या वाळवाव्यात, मसाल्याचे जिन्नस एकेक करून भाजावेत, कुटावेत आणि काळ्या बाटल्यांत ठासून भरावेत, हा ईस्ट इंडियन घरांतील 'बाटली मसाल्या'चा परिपाठ आहे. अशा घरात वाढलेल्या मुलाला किंवा मुलीला मासळीची पारख आणि हाताची चव जन्मजात मिळते. बारावीनंतर हॉटेल व्यवस्थापनाचा किंवा पाकशास्त्राचा अभ्यासक्रम निवडावा, असे त्यांना वाटले तर ते स्वाभाविकच होय. या वाटेवर प्रवेश-परीक्षा आहे, शुल्क आहे, आणि त्यांखेरीज आणखी एक अडसर आहे. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख ओझरता असतो. तो म्हणजे सक्तीचे, आणि पुष्कळदा विनावेतन, औद्योगिक प्रशिक्षण. त्याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रशिक्षणाची आवश्यकता

आतिथ्य-शिक्षणाची आपल्या राज्यातील परंपरा जुनी आहे. अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेच्या वतीने, लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने, १९५४ मध्ये मुंबईत सुरू झालेली संस्था आज दादर येथे कार्यरत आहे. पुण्यातील शिवाजीनगर येथे राज्य शासनाची संस्था आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन व केटरिंग तंत्रज्ञान परिषद अस्तित्वात आली आणि देशभरातील संस्थांच्या अभ्यासक्रमांत एकसूत्रीपणा आला. परिषदेच्या तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षी सुमारे एका सत्राचे औद्योगिक प्रशिक्षण विहित करण्यात आले. अनेक वर्षे त्याचा कालावधी १७ आठवड्यांचा होता. भटारखाना, भोजनसेवा, खोल्यांची व्यवस्था आणि स्वागतकक्ष या चारही खात्यांत विद्यार्थ्याने काम करावे, रोजची नोंदवही ठेवावी आणि हॉटेलने त्याच्या कामाचे मूल्यमापन करावे, अशी ही योजना आहे.

या योजनेच्या उपयुक्ततेबद्दल दुमत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वीस माणसांचा रस्सा करता येतो. लग्नाच्या दिवशी आठशे पानांचा स्वयंपाक वेळेवर कसा निघतो, हे तेथे कळत नाही. ते कळण्यासाठी भट्टीसमोर उभे राहावेच लागते. प्रशिक्षण असावे की नसावे हा प्रश्नच नाही. त्याचा भार कोणी सोसावा, हा खरा प्रश्न आहे.

घरच्या वहीतील हिशेब

काही हॉटेले प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन देतात, काही नाममात्र रक्कम देतात, तर काही केवळ जेवण व गणवेश देतात. रकमेचा निर्णय बहुधा हॉटेलच्या मर्जीवर असतो. या काळातही सत्राचे शुल्क चालूच राहते.

गोराईतील एखाद्या विद्यार्थ्याला सहार विमानतळाजवळील हॉटेलात प्रशिक्षण मिळाले, असे समजा. सकाळी होडी, मग बोरिवली स्थानकापर्यंत बस, तेथून उपनगरी गाडी आणि शेवटी रिक्षा असा त्याचा प्रवास असतो. पाळी रात्री उशिरा सुटली तर होडी बंद झालेली असते. मग उत्तन-भाईंदरमार्गे लांबचा वळसा घ्यावा, कोणा नातलगाकडे मुक्काम करावा, किंवा चार मित्रांनी मिळून हॉटेलजवळ भाड्याची खोली घ्यावी, याखेरीज उपाय उरत नाही. काळे बूट, सुऱ्यांचा संच, प्रवासाचा पास आणि खोलीचे भाडे हा सारा खर्च घरातून होतो. शिवाय तो मुलगा एरव्ही सुट्टीच्या दिवशी घरच्या धंद्यात जो हात लावतो, तोही थांबतो. ज्या घरात नियमित पगार येतो, ते घर हे चार महिने निभावून नेते. ज्या घराचे उत्पन्न जाळ्यात किती मासळी आली यावर अवलंबून आहे, तेथे मात्र एक सत्र म्हणजे एक कर्ज होय.

या अनिष्ट परिणामाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. विनावेतन प्रशिक्षण म्हणजे वरवर पाहता सर्वांना एकच नियम. प्रत्यक्षात ती एक चाळणी आहे. तिच्यातून गुणवत्ता निवडली जात नाही, तर ऐपत निवडली जाते. हाताला चव असलेली मुलगी मागे राहते आणि खर्च पेलणारा पुढे जातो. यात तिचे जसे नुकसान, तसेच त्या व्यवसायाचेही नुकसान आहे.

शिक्षण कोठे संपते, श्रम कोठे सुरू होतात?

हॉटेलचालकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. नवखा हात माल वाया घालवतो, त्याला शिकवताना अनुभवी आचाऱ्याचा वेळ खर्च होतो आणि चुकीचा पदार्थ पाहुण्यासमोर गेला तर नाव खराब होते. पहिल्या काही आठवड्यांपुरते हे म्हणणे खरे आहे.

परंतु पुढे काय होते? ज्याला खात्यांतून फिरवून शिकवावयाचे, त्याला महिनाभर कांदे सोलण्यावर किंवा भांड्यांच्या मांडणीवर ठेवले जाते. गर्दीच्या दिवशी त्याची साप्ताहिक सुट्टी रद्द होते. येथे शिक्षकांना आणि अधिकाऱ्यांना उपयोगी पडेल अशी एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. प्रशिक्षणार्थी एके दिवशी आला नाही, तर त्याच्या जागी पगारी माणूस आणावा लागतो काय? उत्तर 'नाही' असेल, तर तो शिकत आहे. उत्तर 'होय' असेल, तर तो काम करीत आहे, आणि कामाला मोबदला असला पाहिजे.

मुंबईतील उडुपी हॉटेलांत पूर्वी दक्षिणेकडून आलेली मुले दिवसा काम करीत व रात्रशाळेत शिकत. त्यांचे कष्ट फार होते आणि त्या पद्धतीत पुष्कळ दोषही होते. तरीही जेवण, निवारा आणि चार पैसे हे त्या व्यवहाराचे अंग होते. आजचा विद्यार्थी शुल्क भरून त्याच भटारखान्यात उभा राहतो, हे विसरता येणार नाही.

कायद्याने दाखविलेला मार्ग

या पेचावर तोडगा नवा शोधावयाचा नाही. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ मध्ये संमत झाला व १ मार्च १९६२ पासून अमलात आला. त्याची भूमिका समतोल आहे. शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, असे तो मानतो; म्हणून पूर्ण वेतनाचा आग्रह धरीत नाही. मात्र त्याच वेळी लेखी करार, विहित विद्यावेतन, कामाच्या तासांची मर्यादा आणि काम करताना इजा झाल्यास भरपाईची मालकावरील जबाबदारी, या गोष्टी तो बंधनकारक करतो. २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीखेरीज इतर शाखांनाही कायद्याचे दार अधिक उघडले.

२०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घ्यावयाचे असतात. त्याच नियमांनी किमान विद्यावेतन दरमहा ५,००० ते ९,००० रुपये असे, शिक्षणाच्या पातळीनुसार, ठरविले. पदवी स्तरासाठी ते ९,००० रुपये होते. म्हणजे सहा महिन्यांचे ५४,००० रुपये झाले. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने या दरांत वाढ करण्याची शिफारस केली. करार करताना त्या दिवशी लागू असलेला दर पाहून घ्यावा. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली विद्यावेतनाच्या २५ टक्के, परंतु दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, वाटा केंद्र शासन उचलते. त्यामुळे मालकाचा भार हलका होतो.

मग अडचण कोठे आहे? ती अशी की, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पाठविलेला विद्यार्थी पुष्कळदा या कायद्याखाली नोंदलाच जात नाही. त्यामुळे तो ना कामगार ठरतो, ना शिकाऊ उमेदवार. शिक्षण पूर्ण झालेल्या युवकांसाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तिचा लाभ शिक्षण चालू असणाऱ्यास मिळत नाही. अशा रीतीने सर्वांत गरजू काळातच विद्यार्थी दोन्ही छत्रांच्या बाहेर उभा असतो. शिवाय चार महिन्यांचे प्रशिक्षण शिकाऊ उमेदवारीच्या किमान सहा महिन्यांच्या चौकटीत बसत नाही. यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवी अभ्यासक्रमांविषयी काढलेल्या मार्गदर्शक सूचना उपयोगी आहेत. पूर्ण सहा महिन्यांचे सत्र आखून, करार नोंदवून, विद्यार्थ्याला विद्यावेतनासह पाठविण्याची वाट त्यांनी मोकळी केली आहे.

अन्य देशांतील अनुभव

आधुनिक हॉटेली पाककलेचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या फ्रान्समध्ये दोन महिन्यांहून अधिक काळाच्या प्रशिक्षणासाठी मोबदला देणे कायद्याने आवश्यक आहे, आणि कोणतेही प्रशिक्षण एका शैक्षणिक वर्षात सहा महिन्यांहून अधिक लांबविता येत नाही. जर्मनीत आचारी होऊ इच्छिणारा तरुण आठवड्यातील काही वेळ शाळेत व उरलेला भटारखान्यात घालवितो आणि त्याला पहिल्या महिन्यापासून भत्ता मिळतो. १ जानेवारी २०२० पासून तेथे या भत्त्याची किमान मर्यादाही ठरविण्यात आली. कोपनहेगन येथील 'नोमा' हे जगप्रसिद्ध उपाहारगृह वर्षानुवर्षे विनावेतन उमेदवारांच्या मदतीवर चालत असे. टीका झाल्यानंतर २०२२ मध्ये त्याने उमेदवारांना मोबदला देण्यास प्रारंभ केला. जगभर नावाजलेल्या भटारखान्यालाही हा प्रश्न टाळता आला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपण काय करू शकतो?

शिक्षकांनी विद्यार्थ्याला पाठविण्यापूर्वी हॉटेलशी लेखी करार करावा. कोणत्या खात्यात किती आठवडे, रोज किती तास, सुट्टी कोणत्या दिवशी, विद्यावेतन किती, रात्रपाळीनंतर घरी पोहोचण्याची सोय कोणती आणि अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हे सहा मुद्दे त्यात असावेत. महिन्यातून एकदा तरी शिक्षकाने भटारखान्यात प्रत्यक्ष जाऊन नोंदवही पाहावी. मूल्यमापनाचे गुण हॉटेलच्या हाती असल्याने विद्यार्थी स्वतः तक्रार करण्यास कचरतो, याची जाणीव ठेवावी.

अधिकाऱ्यांनी आपल्या क्षेत्रातील ३० हून अधिक मनुष्यबळाची हॉटेले कोणती, आणि त्यांनी शिकाऊ उमेदवार नोंदविले आहेत काय, याचा आढावा घ्यावा. २०२० मध्ये राज्य शासनाने आतिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीज, पाणी व मालमत्ता कर यांत औद्योगिक दराचा लाभ मिळावा, हा त्यामागील हेतू होता. उद्योगाच्या सवलती घेणाऱ्याने उद्योगाची कर्तव्येही स्वीकारावीत, ही अपेक्षा गैरवाजवी नाही.

गोराई बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत असल्याने तेथे ग्रामपंचायत नाही. परंतु पालघर, रायगड आणि १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेला सिंधुदुर्ग येथील किनाऱ्यावरच्या गावांतून हीच वाट चालणारी मुले निघत आहेत. पंचायत सदस्यांनी प्रवेशाच्या वेळीच पालकांना एक प्रश्न विचारावयास शिकवावे : 'प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन मिळेल काय, आणि ते कागदावर आहे काय?' गावातील न्याहारी-निवास चालविणाऱ्यांनीही आपल्याकडे शिकावयास येणाऱ्या मुलांना हाच न्याय लावावा. इतरांना सांगण्याचा अधिकार त्यातूनच येतो.

पाहुण्याला उपाशी पाठवू नये, ही आपल्या घराघरांची रीत आहे. जो पाहुण्याचे ताट वाढावयास शिकतो, त्याने शिकण्याच्या काळात घर कर्जात लोटू नये, इतकी काळजी आपण घेतली पाहिजे. खाडी ओलांडून पहाटेच्या होडीने निघणाऱ्या त्या मुलाच्या खिशात परतीच्या भाड्याबरोबरच एक लेखी करार असावा. त्यासाठी लागणारा कायदा साठ वर्षांहून अधिक काळ आपल्यापाशी आहे. त्याचा उपयोग करणे आता आपल्या हाती आहे.