भाड्याच्या यंत्रांचे तास आणि उपग्रहाची साक्ष

पाझर तलावातील गाळ काढणे, नाल्याचे पात्र रुंद व खोल करणे, शेतरस्त्याचे मातीकाम करणे, शाळेच्या आवारातील जमीन सपाट करणे ही कामे एके काळी फावडे, घमेले आणि बैलगाडी यांच्या साहाय्याने होत असत. आज यांपैकी बहुतेक कामांवर यंत्रे आलेली आहेत. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेले जलयुक्त शिवार अभियान आणि २०१७ साली सुरू झालेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना यांमुळे खोदाई यंत्र हे खेड्यापाड्यांतील नित्याचे दृश्य झाले. ‘जेसीबी’ ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज उद्योजकाच्या नावाची आद्याक्षरे होत, तर ‘पोकलेन’ हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव होय. ही दोन्ही विशेषनामे मराठीत त्या त्या प्रकारच्या यंत्राची सामान्यनामे म्हणून रुळली, यावरूनच त्यांचा प्रसार किती झाला आहे याची कल्पना येईल.

ही यंत्रे बहुधा ग्रामपंचायतीच्या किंवा काम करून घेणाऱ्या संस्थेच्या मालकीची नसतात. ती तासाच्या दराने भाड्याने आणली जातात. पुष्कळदा त्यांचा मालक हा कर्ज काढून एक किंवा दोन यंत्रे घेतलेला जवळपासच्या गावचाच तरुण असतो. काम संपले की बिल येते आणि बिलाबरोबर तासांचा वादही येतो. यंत्र इतके तास चालले, असे मालक म्हणतो. इतके चाललेच नाही, असे गावकरी म्हणतात. आणि दोघांपाशी पुरावा म्हणून असते ती केवळ एका वहीतील नोंद. हा वाद मिटविण्याचे एक साधन आज उपलब्ध आहे. यंत्राची जागा आणि त्याचे चालू-बंद असणे आपोआप नोंदविणारे, ‘जीपीएस’ या नावाने ओळखले जाणारे उपकरण हे ते साधन होय. तथापि, हे साधन काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे नीट समजून घेतल्याशिवाय त्याचा उपयोग होणार नाही.

तास कोणता?

वादाचे मूळ पुष्कळदा अप्रामाणिकपणात नसून ‘तास’ या शब्दाच्या अर्थात असते. यंत्राचे तास तीन प्रकारचे असतात. यंत्र कामाच्या जागी हजर असल्याचा तास हा पहिला. इंजिन चालू असल्याचा तास हा दुसरा. यंत्रावरील तासमापक बहुतांशी हाच तास मोजतो. यंत्राची बकेट प्रत्यक्ष माती उचलीत असल्याचा तास हा तिसरा.

एक उदाहरण घेऊ. समजा, यंत्र सकाळी ८ वाजता तलावात उतरले आणि सायंकाळी ६ वाजता थांबले. हजेरीचे तास १० झाले. त्यांपैकी जेवण व विश्रांतीचे दोन तास इंजिन बंद होते, म्हणून इंजिनाचे तास ८ झाले. या ८ तासांपैकी दीड तास यंत्र ट्रॅक्टरांची वाट पाहत नुसतेच गुरगुरत उभे होते. तेव्हा कामाचे तास साडेसहा झाले. दर तासाला १,५०० रुपये गृहीत धरल्यास त्या एका दिवसाचे भाडे १५,०००, १२,००० किंवा ९,७५० रुपये असे तीन प्रकारे निघते. पहिल्या व तिसऱ्या आकड्यांत ५,२५० रुपयांचे अंतर आहे. काम वीस दिवस चालले तर हे अंतर १,०५,००० रुपयांवर जाते. लहान ग्रामपंचायतीला काय, किंवा यंत्राचे हप्ते फेडणाऱ्या मालकाला काय, ही रक्कम क्षुल्लक नव्हे.

स्थाननिश्चिती कशी होते?

उपग्रह वरून यंत्राकडे पाहत असतो, अशी एक समजूत आढळते. ती बरोबर नाही. उपग्रह केवळ वेळेचे व स्वतःच्या स्थानाचे संकेत सतत प्रक्षेपित करीत असतो. यंत्रावर बसविलेले उपकरण ते संकेत ऐकते. अमेरिकेच्या जीपीएस योजनेतील उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. रेडिओ लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असल्यामुळे डोक्यावर असलेल्या उपग्रहाचा संकेत सेकंदाच्या सुमारे पंधराव्या हिश्शात पोहोचतो. संकेत निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ यांवरून उपग्रहाचे अंतर कळते. अशी किमान चार उपग्रहांपासूनची अंतरे मिळाली की उपकरणाचे स्थान व अचूक वेळ दोन्ही ठरतात. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. म्हणूनच या उपग्रहांवर आण्विक घड्याळे ठेवलेली असतात.

या योजनेचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये ती पूर्णत्वास गेली. नागरी वापरासाठीच्या संकेतात मुद्दाम ठेवलेली अचूकतेची उणीव मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. त्यापूर्वी सुमारे १०० मीटरपर्यंत असणारी चूक त्यानंतर काही मीटरांवर आली. यंत्र तलावात आहे की शेजारच्या शेतात, हे सांगता येणे यानंतरच शक्य झाले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेनेही २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडून ‘नाविक’ ही भारतीय पद्धती उभारली. आजची अनेक उपकरणे एकापेक्षा अधिक देशांच्या उपग्रहांचे संकेत ग्रहण करतात.

आपले स्थान कळल्यावर उपकरण ते मोबाईल जाळ्यामार्फत मालकाकडे पाठविते. डोंगरकपारीत जाळे नसेल तर चांगल्या उपकरणात नोंद साठून राहते व जाळे मिळताच पुढे जाते. नोंद उशिरा आली म्हणजे ती बनावट आहे, असे समजण्याचे कारण नाही.

जपानमधील अनुभव

बांधकाम यंत्रांवर अशी उपकरणे बसविण्याच्या कामी जपानमधील कोमात्सु या कंपनीचा अनुभव बोधप्रद आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या देशात खोदाई यंत्रे चोरून त्यांच्या साहाय्याने बँकांची रोकड देणारी यंत्रे फोडण्याचे प्रकार घडत होते. चोरीला आळा बसावा हा हेतू पुढे ठेवून कंपनीने ‘कोमट्रॅक्स’ ही पद्धती विकसित केली आणि २००१ पासून ती जपानमधील नव्या यंत्रांवर मुळातच बसवून देण्यास प्रारंभ केला. चोरीसाठी बसविलेले उपकरण लवकरच अन्य कामी आले. कोणते यंत्र किती तास चालले, कोणते रिकामे पडून आहे, कोणाच्या देखभालीची वेळ झाली, हे कार्यालयात बसून कळू लागले. भाड्याने यंत्रे देणाऱ्यांना याचा विशेष लाभ होतो, कारण त्यांचे यंत्र नेहमीच दुसऱ्याच्या जागेवर आणि नजरेआड असते.

यंत्र तसा उपयोग

सर्व यंत्रांना हे साधन सारखेच उपयोगी पडत नाही. डंपर किंवा ट्रॅक्टर हे फिरणारे वाहन आहे. तलाव आणि शेत या दोन जागांभोवती नकाशावर काल्पनिक कुंपण आखून ठेवले, की वाहनाने त्या दोहोंमध्ये किती खेपा केल्या याची मोजदाद आपोआप होते. येथे स्थान हीच कामाची खूण असते.

पोकलेनचे तसे नाही. ते एकाच जागी उभे राहून तासन्‌तास खोदते. त्याचे स्थान बदलले नाही म्हणून ते रिकामे होते असे म्हणता येत नाही, आणि इंजिन चालू होते म्हणून ते खोदत होते असेही म्हणता येत नाही. अशा यंत्रासाठी स्थानाबरोबरच इंजिनाची गती किंवा बकेट हलविणाऱ्या तेलाचा दाब यांची नोंद घेणारी जोड हवी असते. पुष्कळ नव्या यंत्रांत इंजिनाची अशी नोंद घेण्याची सोय कारखान्यातूनच येते. जुन्या यंत्रावर नुसते स्वस्त उपकरण बसवून ‘कामाचे तास’ मागणे मात्र व्यर्थ होय.

रिकाम्या तासांचे कारण

रिकामे तास कळल्यावर त्यांचा दोष ऑपरेटरवर टाकण्याची घाई होते. पुष्कळदा तो दोष नियोजनाचा असतो. समजा, पोकलेन एक ट्रॉली ३ मिनिटांत भरते आणि ट्रॅक्टरला शेतात जाऊन, गाळ टाकून परत येण्यास २७ मिनिटे लागतात. म्हणजे प्रत्येक ट्रॅक्टरचा फेरा ३० मिनिटांचा झाला आणि पोकलेन अखंड चालण्यासाठी १० ट्रॅक्टर हवेत. प्रत्यक्षात सहाच असतील तर दर अर्ध्या तासात पोकलेन १८ मिनिटे काम करील व १२ मिनिटे थांबेल. ऑपरेटर कितीही कुशल असला तरी या हिशेबात बदल होणार नाही. पहिल्या दोन दिवसांच्या नोंदी पाहून ग्रामसभेने आणखी शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर जुळविले, किंवा प्रथम जवळच्या शेतांत गाळ टाकण्याचे ठरविले, तर उरलेल्या दिवसांचे भाडे सार्थकी लागते. गाळ काढण्याचा हंगाम पाणी आटल्यापासून पहिल्या पावसापर्यंतच असतो. त्यात वाया गेलेला दिवस पुढील उन्हाळ्यापर्यंत परत मिळत नाही.

मालकाच्या दृष्टीनेही लाभ थोडके नाहीत. पट्ट्यांवर चालणारे यंत्र रस्त्याने लांब नेता येत नाही. ते ट्रेलरवर चढवून न्यावे लागते. कोणते यंत्र कोठे आणि केव्हा मोकळे होणार हे कळले, की जवळचे यंत्र जवळच्या कामावर पाठवून ट्रेलरचा खर्च वाचविता येतो. रात्री परवानगीवाचून यंत्र चालू झाल्यास सूचना मिळते. तेल व गाळणी बदलण्याची कामे इंजिनाच्या तासांवर ठरलेली असल्याने देखभाल वेळेवर होते. आणि बिलाची रक्कम अडविली गेल्यास हाती तारीखवार नोंद असते.

जे या नोंदीवरून कळत नाही

उपकरणाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे ध्यानी घेतल्या पाहिजेत. किती घनमीटर गाळ निघाला, हे ते सांगत नाही. ट्रॉली भरलेली होती की अर्धी, खोदाई आराखड्याप्रमाणे झाली की नाही, गाळाखालचा मुरूम उकरला गेला काय, हे त्यास ठाऊक नसते. यास्तव कामापूर्वीची व कामानंतरची पातळी घेणे, मोजमाप पुस्तकात नोंद करणे आणि अभियंत्याने जागेवर तपासणी करणे यांपैकी काहीही या साधनामुळे टळत नाही. तासांची नोंद आणि घनमीटरांचे मोजमाप शेजारी ठेवून पाहिले तरच दोहोंची सत्यता पटते. तास पुष्कळ आणि गाळ थोडा, असे दिसल्यास चौकशीस जागा आहे. तास थोडे आणि गाळ पुष्कळ, असे दिसल्यासही ती आहेच.

करारात कोणत्या बाबी असाव्यात?

यंत्र येण्यापूर्वीच पुढील बाबी लेखी ठरवून घेणे हितावह आहे.

१. भाडे कोणत्या तासाचे: हजेरीचे, इंजिनाचे की कामाचे? ट्रॅक्टरांअभावी यंत्र थांबल्यास त्या वेळेचा दर काय?

२. काम सुरू होताना व संपताना तासमापकाचे आकडे दोन्ही पक्षांच्या सहीने नोंदविणे.

३. उपकरणातील नोंद दोन्ही पक्षांना रोज पाहता येणे. एकाच बाजूच्या हाती असलेली नोंद विश्वास निर्माण करीत नाही.

४. उपकरण बंद पडल्यास त्या दिवसापुरती हातवही ग्राह्य मानणे.

५. उपकरणाची नोंद व तासमापक यांत फरक पडल्यास कोणता आकडा धरावयाचा, हे आधीच ठरविणे.

६. वाद न्यायालयात गेल्यास ही नोंद पुरावा म्हणून दाखल करावी लागेल. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून मूळ नोंद न पुसता जपून ठेवणे.

यंत्र चालविणाऱ्या माणसाचाही विचार यात झाला पाहिजे. ऐन उन्हात तलावाच्या तळाशी दहा तास बसणाऱ्या ऑपरेटरला आपल्यावर पाळत ठेवली जात आहे असे वाटू नये. उपकरण बसविले आहे, ते काय नोंदविते व ती नोंद कोण पाहणार, हे त्यास आधी सांगावे. त्याच नोंदीवरून त्याचे जादा कामाचे तासही सिद्ध होतात, हे त्याच्या लक्षात आणून दिल्यास तो या पद्धतीचा विरोधक न राहता साक्षीदार होईल.

शिक्षकांना या विषयात एक सुंदर पाठ सापडेल. गावाच्या नकाशावर शाळा, मंदिर आणि विहीर या तीन ठिकाणांपासूनची अंतरे देऊन कंपासने तीन वर्तुळे काढावयास सांगितली, तर तिन्ही जेथे मिळतात तो बिंदू विद्यार्थी स्वतः शोधून काढतील. उपग्रहाचे गणित याच तत्त्वावर उभे आहे. जवळच काम चालू असल्यास ट्रॅक्टरांच्या फेऱ्यांची वेळ घड्याळाने मोजून किती ट्रॅक्टर लागतील याचे उदाहरणही, यंत्रापासून सुरक्षित अंतरावर राहून, सोडविता येईल.

सारांश, भाड्याच्या यंत्रावर उपकरण बसविल्याने तासांची नोंद मिळते. त्या तासांचा अर्थ करारानेच ठरावा लागतो आणि कामाचे मोजमाप माणसालाच करावे लागते. ही तिन्ही अंगे सांभाळली गेली, तर सार्वजनिक पैशाचा हिशेब स्वच्छ राहील, यंत्रमालकाला श्रमाचा मोबदला वेळेवर मिळेल आणि पावसाळ्यापूर्वी तलावातला गाळ शेतात पोहोचेल. येत्या हंगामात यंत्र लावू इच्छिणाऱ्या ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत सर्वप्रथम ‘तास कोणता’ या प्रश्नाचे उत्तर ठरवून मगच कराराला हात घालावा, हे श्रेयस्कर होईल.