बालकांमधील शिरःशूल : कारणविचार व सावधानता

‘डोके दुखते’ अशी तक्रार असलेले बालक आपल्या चिकित्सालयात नित्य येते. चष्मा लागला असावा किंवा अभ्यासाचा कंटाळा असावा, ही दोनच कारणे पालकांच्या मनात असतात. वैद्याला मात्र कारणविचार अधिक व्यापक करावा लागतो.

चरकाचार्यांनी पाच, तर सुश्रुताचार्यांनी अकरा शिरोरोग वर्णिले आहेत. चरकोक्त हेतूंपैकी वेगधारण व रात्रीजागरण हे शाळकरी मुलांत आजही ठळकपणे आढळतात. शाळेतील स्वच्छतागृह अस्वच्छ म्हणून मुली मूत्रवेग धरतात, त्यासाठी पाणीही कमी पितात. उपाशीपोटी शाळा, मलावष्टंभ आणि रात्री उशिरापर्यंत मोबाईल यांची त्यात भर पडते. हे प्रश्न विचारल्याशिवाय औषधपत्र लिहू नये.

ज्वर, प्रतिश्याय, दंतविकार व दृष्टिदोष ही कारणेही तपासावीत. अर्धावभेदकात मुलांचे अर्धेच डोके दुखेल असे नाही. बहुधा संपूर्ण कपाळ दुखते, उलटी होते, प्रकाश सहन होत नाही व झोपेनंतर बरे वाटते. मातेस तोच विकार आहे का, हे विचारावे. न बोलणाऱ्या बालकाविषयी काश्यपसंहितेतील वेदनाध्याय मार्गदर्शक आहे : डोके फार हलविणे, डोळे मिटणे, कण्हणे, अस्वस्थता व निद्रानाश.

येथे आमचाच एक अनुभव नमूद करतो. आठ वर्षांच्या एका मुलास सकाळी डोकेदुखी व उलटी होत असे. उलटीनंतर बरे वाटते, म्हणून आम्ही पित्तज शिरःशूल मानून लघुसूतशेखर दिले. तिसऱ्या भेटीत तो चालताना तोल सावरत असल्याचे लक्षात आले, तेव्हा तातडीने पुढे पाठविले. एमआरआयमध्ये लहान मेंदूत अर्बुद आढळले. शस्त्रक्रिया झाली, परंतु पहिल्याच भेटीत आम्ही त्यास चालवून पाहावयास हवे होते.

म्हणून पुढील लक्षणे दिसताच विलंब न करता तज्ज्ञांकडे पाठवावे : पहाटेची डोकेदुखी व उलटी, झोपेतून जागे करणारी वेदना, तोल जाणे, नव्याने आलेला तिरळेपणा, आक्षेपक, ज्वरासह मानेचा ताठरपणा, शिरोभिघातानंतरची किंवा दिवसेंदिवस वाढणारी वेदना.

चिकित्सेत निदानपरिवर्जन प्रथम. वेळेवर आहार, पुरेसे पाणी व झोप एवढ्यानेही अनेक मुलांना उपशय मिळतो. सात वर्षांखाली नस्य निषिद्ध आहे. प्रतिमर्श मात्र चालते.

औषधविक्रेते बंधूंना विनंती, की मुलासाठी डोकेदुखीची गोळी वारंवार मागणाऱ्या पालकास वैद्याकडे पाठवावे, आणि ॲस्पिरिन तर मुलासाठी कधीही स्वतःहून देऊ नये. वेदना शमविणे सोपे असते. तिचे मूळ शोधणे हेच आपले कर्तव्य होय.