जखमीचा हक्क

मुळशी तालुक्यातील ताम्हिणी घाटात पावसाळ्यात दाट धुके पसरते. अशा वेळी एखाद्या वाटसरूस धडक देऊन मोटार पसार झाली, तर त्याने दाद कोणाकडे मागावी? मोटार वाहन अधिनियम, १९८८ त्यास वाऱ्यावर सोडीत नाही. मोटारीचा शोध लागला नाही, तरी गंभीर जखमीस ५०,००० रुपये व मृताच्या वारसांस २ लक्ष रुपये भरपाई मिळते. शोध लागल्यास उपचारांचा खर्च व बुडालेली मजुरी यांसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ही भिक्षा नव्हे, हक्क होय.

सद्भावनेने मदत करणाऱ्यासही २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. म्हणून चौकशीच्या भीतीने कोणी पाठ फिरवू नये. आधी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हक्क मागण्यासाठी जखमी प्रथम जगला पाहिजे.